डाव्या हाताची गाठ

आमच्या घरात वीज नव्हती आणि तरीही मी विजेच्या वस्तू जोडत बसे, हे आज सांगितलं की ऐकणाऱ्याला थाप वाटते. थाप नव्हे. कथलाचा डाख देऊन तारा सांधायची तांब्याच्या टोकाची सळई मी करवंट्यांच्या निखाऱ्यांत तापवत असे. तारेवर डाख नीट बसावा म्हणून राळ लागते. ती मी चर्चमध्ये व्हायोलिन वाजवणाऱ्या मास्तरांकडून मागून आणत असे. व्हायोलिनच्या गजाला लावायच्या राळेचा मी असा सत्यानाश करते हे त्या बिचाऱ्यांना कधी कळलं नाही. त्यांना वाटे, मुलगी वाद्य शिकते आहे.

घर मालवणच्या बाजारापासून चालत जाण्याइतकं लांब, माडांच्या आत, समुद्राच्या अगदी पाठीशी. बाबांची होडी होती, जाळी होती. थोरला भाऊ मुंबईला. तिथे तो आधी रेडिओच्या एका दुकानात कामाला लागला, मग कंटाळला आणि लग्नांत गिटार वाजवणाऱ्या बँडमध्ये शिरला. त्याने रेडिओची म्हणून जी मासिकं आणि हत्यारं जमवली होती ती आगबोटीने घरी आली आणि माझ्या हाती लागली. तो जिथे कंटाळला तिथून मी सुरुवात केली. घरातला बॅटरीवर चालणारा जुना रेडिओ मी आधी बिघडवला आणि मग दुरुस्त केला. बिघडवल्याबद्दल बोलणी बसली, दुरुस्त केल्याबद्दल कोणी काही म्हणालं नाही. आमच्याकडे कौतुक करायची पद्धत तशीच होती.

साठच्या दशकाची अखेर असेल. भाऊ गणपतीनंतरच्या आगबोटीने आला तो डोक्यात एक नवं खूळ घेऊन. परदेशी बोटींवरच्या वादकांकडे म्हणे पायाने दाबायची एक पेटी असते. दाबली की गिटारचा गोड आवाज एकदम घोगरा होतो, घसा फाटल्यासारखा, कर्णा वाजावा तसा. त्या पेटीच्या जोडणीचा नकाशा त्याने एका मासिकातून फाडून आणला होता. दोन ट्रान्झिस्टर आणि बाकीचं सामानही रुमालात बांधून आणलं होतं. ते माझ्यासमोर सोडून म्हणाला, "माका ह्यां जमूचा नाय. तू कर गो."

मला तर हेच हवं होतं. त्याआधीपासून मी घरात एक तुणतुणं वाजवत होते: मला मुंबईला रेडिओ दुरुस्तीचं शिक्षण घ्यायचंय. सिस्टरांच्या वसतिगृहात राहायची सोय होती, भावाने चौकशी केली होती. बाबा काही बोलत नसत. त्याच वेळी वेंगुर्ल्याहून माझ्यासाठी मागणी आलेली होती. माणसं खाऊनपिऊन सुखी, घरची होडी, नाव ठेवायला जागा नाही. त्यांना उत्तर द्यायचं होतं.

एका संध्याकाळी जेवणं झाल्यावर भावाने विषय काढला. पेटी झाली की तो ती आमच्या चर्चच्या फेस्ताला, म्हणजे वर्षाच्या सणाला, सगळ्या गावासमोर वाजवणार होता. "बाबा, पेटी वाजली तर हिका जावंक दी," तो म्हणाला. बाबांनी विडी विझवली.

"फेस्ताक सगळ्यांसमोर वाजली, तर जा," ते माझ्याकडे बघून म्हणाले. "नाय वाजली, तर वेंगुर्ल्याच्या माणसांक होय म्हणून सांगतलंय. ह्यो माजो शब्द."

आईने हातातलं ताट खाली ठेवलं. बाबांनी शब्द दिला म्हणजे तो झाला, असं आम्ही सगळेच धरून चाललो. मी तर त्या क्षणी निम्मी मुंबईला पोचले होते.

पेटीचं खोकं मी फणसाच्या फळीचं केलं, पाय ठेवायला वरची बाजू उतरती. आतली जोडणी पूर्ण व्हायला फेस्त अगदी तोंडावर आलं. खाऱ्या हवेची मला धास्ती. त्यात पेटी बैलगाडीतून, होडीतून फिरणार, भाऊ तिच्यावर पाय आपटणार. म्हणून सगळ्या तारा एकत्र आणून मी त्यांची जुडी केली आणि जाळ्याच्या दोऱ्याने ती जागोजाग बांधली, जाळ्याच्याच गाठीने. ती गाठ एकदा बसली की सुटत नाही, सरकत नाही. ती मला बाबांनीच शिकवली होती, मी लहान असताना, अंगणात समोरासमोर बसून. बाबा डावरे. त्यांची गाठ उलट्या बाजूने फिरते. मी त्यांच्यासमोर बसून आरशात बघावं तशी शिकले, म्हणून माझी सरळ पडली. किनाऱ्यावर कोणाचं जाळं वाहून लागलं आणि गाठ उलटी दिसली, तर माणसं ते थेट आमच्या दारात आणून टाकत.

मी तारा बांधत असताना बाबा माझ्या पाठीशी येऊन उभे राहिले. असं ते कधी करत नसत. बराच वेळ बघत राहिले आणि मग खाली बसले.

"आवाज खंयसून आत येता?" त्यांनी विचारलं.

मी दाखवलं.

"आणि भायर खंयसून जाता?"

मला इतका आनंद झाला की बोलताना माझा श्वास पुरेना. ही बघ बाबा, ही तांबडी तार. इथे आवाज घोगरा होतो, मग ह्या तांबड्या तारेतून खटक्याकडे जातो, तिथून बाहेर. ही एक नसली तर बाकी सगळं असून नसल्यासारखं. मी बडबडत होते, ते मान हलवत होते. शेवटी त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "बरां केलंस," म्हणाले. हे दोन शब्द ऐकायला मी किती वर्षं थांबले होते ते माझं मला माहीत. त्या दिवशी मी भात जरा जास्तच खाल्ला.

फेस्ताच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही घरात पेटी वाजवून बघितली. आमच्या रेडिओच्या मागे ग्रामोफोन जोडायला दोन भोकं होती, त्यांत तारा खुपसल्या. भावाने खटका दाबला आणि गिटार अशी काही बोंबलली की शेजारची कोंबडी छपरावर गेली. आई कानांवर हात ठेवून हसत सुटली. बाबा बाहेर होडीशी होते, तिथून त्यांनी मान वळवून बघितलं. पेटी मी घरातल्या क्रुसाखालच्या फळीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी निघायच्या वेळी तिथूनच उचलली आणि कापडात गुंडाळून नेली. आत बघायचं माझ्या मनातही आलं नाही. आपण क्रुसाखाली ठेवलेल्या वस्तूत कोण कशाला बघेल?

फेस्ताची मिस्सा झाली, जेवणं झाली. दुपार उतरल्यावर चर्चच्या मैदानात गाणी सुरू झाली. लाऊडस्पीकरवाल्याने मोटारीची बॅटरी आणली होती आणि भोंगा माडावर बांधला होता. सगळा गाव बसलेला, पलीकडच्या वाडीतली हिंदू माणसंसुद्धा आवर्जून आलेली, कारण आमच्या भावाने आठवडाभर सगळीकडे बढाया मारून ठेवल्या होत्या. बाबा पुढच्याच बाकावर होते, धुतलेला सदरा घालून.

भावाने आधी साधी गिटार वाजवली. छान वाजली. मग त्याने माझ्याकडे बघून भुवई उडवली आणि खटक्यावर पाय दिला.

काही नाही. आवाजच गेला. गिटारच्या तारा त्याच्या बोटांखाली थरथरताना दिसत होत्या आणि भोंग्यातून नुसता वारा. त्याने पाय पुन्हा मारला, साधी गिटार परत आली. पुन्हा मारला, पुन्हा सगळं बंद. लोक एकमेकांकडे बघायला लागले. भाऊ रंगमंचावर उभं राहण्यात मुरलेला माणूस, त्याने लगेच स्वतःला सावरलं. मला मात्र नाही सावरलं. "भयणीच्या डब्यान आज उपास धरल्यान!" तो ओरडला आणि अख्खं मैदान हसलं. बायका माझ्याकडे वळून वळून हसत होत्या. माझे कान तापले. तिथल्या तिथे जमीन फाटावी असं वाटलं. फाटली नाही, मैदान दगडी होतं.

बाबा उठले. माझ्याजवळून जाताना थांबले. "झालां मगे," एवढंच बोलले आणि घराकडे चालू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेटी घेऊन मागच्या पडवीत बसले. आता ती वाजून उपयोग काय, असं आई म्हणाली. उपयोग काही नव्हता. पण मी केलेली वस्तू आदल्या दिवशी वाजली आणि लोकांसमोर मेली, याचं कारण कळल्याशिवाय मला अन्न गोड लागलं नसतं. आणि खरं सांगायचं तर मनात एक वेडी आशा होती. चूक इतकी बारीक, इतकी नशिबाची निघेल की ती दाखवून बाबांकडे पुन्हा शब्द मागता येईल.

आधी बॅटरी काढून जिभेला लावली. चांगली चुरचुरली, म्हणजे तिच्यात जीव होता. मग झाडूतून हिराची काडी मोडून घेतली आणि एकेक सांधा टोचून बघितला. डाख कच्चा असला तर सांधा हलतो. एकही हलला नाही. मग ट्रान्झिस्टरची शंका आली. ते फार नाजूक, जास्त उष्णता लागली की मरतात. मी डाख देताना त्यांचा पाय पकडीत धरून उष्णता लांब ठेवली होती, तरी मनात पाल चुकचुकली. मीच जाळले असतील. माझ्याच घाईने, माझ्याच हाताने. ती सगळी सकाळ मी स्वतःला शिव्या देत काढली.

शेवटी रेडिओचं कानात घालायचं जुनं यंत्र काढलं. त्याची एक तार पेटीच्या अर्थिंगच्या टोकाला बांधायची आणि दुसरी हातात धरून आवाज जिथून जिथून जातो तिथे तिथे टेकवत न्यायची. जिथे आवाज थांबेल तिथे बिघाड. पण त्यासाठी कोणीतरी गिटार छेडत बसायला हवं. भाऊ मित्रांबरोबर तोंडवलीला गेला होता, आपल्या बहिणीच्या डब्याची गोष्ट आणखी चार ठिकाणी सांगायला. मग मी आईलाच बसवलं. ती बांगडे साफ करत होती. हात पुसून तिने गिटार मांडीवर घेतली आणि करंगळीने एक तार टोचली, विंचू असावा तशी.

"जोरान, आई."

"तुटली तर तुजो भाव माका खायत."

आवाज आत येतो तिथे यंत्र टेकवलं. बारीक, पण स्वच्छ ऐकू आला. पहिल्या ट्रान्झिस्टरच्या पुढे, थोडा मोठा. दुसऱ्याच्या पुढे टेकवलं आणि कानात एकदम ती घोगरी आरोळी आली, जशीच्या तशी. मी ओरडलेच. ट्रान्झिस्टर जिवंत होते! मी काही जाळलं नव्हतं! आई घाबरून थांबली, तिला पुन्हा छेडायला लावलं. मग मी यंत्र खटक्यावर टेकवलं. शांत.

म्हणजे मधे एकच गोष्ट उरली होती. तांबडी तार. जुडीतून जाणारी वीतभर तार, दोन्ही टोकांना डाख पक्के, तरीही आवाज एका टोकाला होता आणि दुसऱ्याला नव्हता. मी ती बोटांनी चाचपत गेले. मधोमध, बरोबर एका गाठीखाली, तार मऊ लागली. गाठ सोडायला मी सुईचं टोक घातलं आणि ते नेहमीच्या बाजूने आत जाईना.

गाठ उलटी होती.

आधीच्या सगळ्या गाठी माझ्या होत्या, सरळ. ही एकच उलटी, घट्ट, देखणी, दोऱ्याची टोकं समान कापलेली. ती न सोडता मी दोरा तिच्या मागच्या बाजूने कापून काढला. आत तार कापलेली होती. वरचं कापडी वेष्टण सरकवून आतलं तांबं छाटलं होतं, मग वेष्टण परत ओढून घेतलं होतं, म्हणजे वरून बघणाऱ्याला काही कळू नये. तेवढं करून सोडलं असतं, तर तार मीच कच्ची वापरली अशी मी जन्मभर समजूत करून घेतली असती. पण दोरा सुटा टाकणं त्या हातांना जमलं नव्हतं. जाळ्याचा सुटा दोरा बघवत नाही अशी ती माणसं. त्यांनी तो बांधला, सवयीने, आणि नीट बांधला.

आणि तार कुठली कापायची ते मीच सांगितलं होतं. डोक्यावर हात ठेवला होता तो त्यासाठी. ते "बरां केलंस" त्यासाठी.

"काय गावला?" आईने विचारलं.

"तार तुटली हा," मी म्हणाले.

"मगे जोड," आई म्हणाली आणि बांगड्यांकडे परत गेली.

मी जोडली. सळई तापवली, डाख दिला, रेडिओला लावून खटका दाबला. वाजली. त्या आवाजाने मला आनंद व्हायला हवा होता. मी पडवीत बसून रडले, रागाने, तोंडात पदराचा बोळा घालून. परका कोणी असता तर मी त्याच्या दारात जाऊन तमाशा केला असता. इथे कोणाच्या दारात जाणार?

दुपारी भाऊ आला. मी त्याला दोऱ्याचा तो तुकडा दाखवला, गाठीसकट. आमच्या घरातल्या माणसाला दुसरं काही सांगावं लागत नाही. त्याने एकदाच बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता हा उठेल, बाबांकडे जाईल. शब्द त्याच्यासमोर दिला होता.

"सोड गो," तो हळू आवाजात म्हणाला. "बाबाक आता काय बोलतलंस? घरात उगाच भांडण." मग पेटीकडे बघून म्हणाला, "वाजता मा आता? माका दी. मुंबयत लागतली."

मी दिली नाही. पण त्याने ती नेली, पुढच्या आगबोटीने, न विचारता. मुंबईत तो ती कितीतरी वर्षं वाजवत होता असं पुढे कानावर आलं. कोणी केली म्हणून विचारलं की "मीच" म्हणायचा, असंही कानावर आलं.

बाबांकडे मी त्याच संध्याकाळी गेले. ते वाळूत होडीच्या सावलीला बसून जाळं दुरुस्त करत होते. पायाच्या अंगठ्यात जाळं ताणून धरलेलं, डाव्या हातात सुई. मी समोर बसले, लहानपणी बसायची तशी. दोऱ्याचा तुकडा त्यांच्या गुडघ्यावर ठेवला.

"बाबा, ही गाठ कोणाची?"

त्यांनी बघितलं. सुई थांबली नाही.

"माजी," ते म्हणाले.

मी तयारी करून गेले होते ती नाकारण्याला उत्तर द्यायची. त्यांनी नाकारलंच नाही. ते खोटं बोलतील, शरमतील, निदान मान खाली घालतील, काहीतरी होईल असं मला वाटलं होतं. ते पुढची गाठ मारत होते.

"तू शब्द दिललंस."

"दिललंय. वाजली नाय."

"तू वाजूक दिलंस नाय!" मी ओरडले. किनाऱ्यावरच्या दोघातिघांनी वळून बघितलं. मी आवाज खाली आणला, आणि खाली आणला याचा मला आजही राग येतो. "माका हयच ठेवूची होती तर तसां सांगायचां. वेंगुर्ल्याक धाडतंसच मा? मगे मुंबयक धाडूक काय जाता?"

त्यांनी दोरा दातांनी तोडला. मग पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं, शांतपणे, चिडून नव्हे. एखाद्या लहान मुलाला भरती-ओहोटी समजावून द्यावी तसं.

"वेंगुर्ल्याक तुका मी धाडतलंय," ते म्हणाले. "मुंबयक तू तुजी तू गेली असतंस."

मी वेंगुर्ल्याला गेले. नवरा चांगला होता, त्याच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. त्या घरात मोठा रेडिओ होता. तो बिघडला की बाजारातल्या माणसाकडे पाठवत, मी काही बोलत नसे. माहेरी यायचे, बाबांना वाढायचे, त्यांचे पाय दुखत तेव्हा तेलही चोळायचे. ते माझ्याशी पूर्वीसारखेच बोलत. ती गोष्ट त्यांच्या लेखी त्या संध्याकाळीच संपली होती.

ते गेले तेव्हा सगळा गाव आला. पडवीत माणसं मावेनात. पाद्रींपासून होडीवरच्या खलाशांपर्यंत जो तो एकच सांगत होता, शब्दाचो माणूस, दिल्यान की पाळल्यान. मी कॉफीचे कप घेऊन त्यांच्यातून फिरत होते. भाऊ मुंबईहून आला होता. कोणीतरी त्याच्या खांद्यावर हात ठेवून तेच म्हणालं आणि त्याने मान हलवली. मी त्याच्यापुढे कप धरला तेव्हा त्याने माझ्याकडे बघायचं टाळलं.

मी तेव्हा गप्प राहिले. आता ऐकायला त्यांच्यातलं कोणी उरलेलं नाही, तरी सांगते. माझ्या बापाने शब्द पाळला नव्हता.